सॅनिटायझर चोळले म्हणजे पोट सांभाळले, हा गैरसमज

अमेरिकेत जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे ३,५०० किलोमीटर जाणाऱ्या ॲपलाचियन ट्रेल या पदभ्रमणाच्या वाटेवर उलट्या-जुलाबांची साथ आली की दोष झऱ्याच्या पाण्याला दिला जातो, आणि पाणी गाळून प्यायले व हातांना सॅनिटायझर चोळले की धोका टळतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. हे खरे नाही. पाण्यातून होणाऱ्या जिआर्डिया या आतड्यातल्या परजीवीच्या संसर्गाची लक्षणे साधारणपणे एक-दोन आठवड्यांनी दिसतात. गावात मुक्काम करून निघाल्यावर १२ ते ४८ तासांत एकाएकी उलट्या सुरू झाल्या, तर आधी नोरोव्हायरसचा संशय घ्यावा. हा विषाणू मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जातो: निवाऱ्यातल्या शौचालयाची कडी, व्हर्जिनियातल्या डमास्कससारख्या गावातल्या हॉस्टेलचा सामाईक नळ, किंवा सुक्या मेव्याची ती पिशवी, जिच्यात सगळेच सोबती हात घालतात. अल्कोहोलचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही, आणि बहुतेकांच्या पाठपिशवीत असणाऱ्या पोकळ तंतूंच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. म्हणून पाणी उकळावे आणि झऱ्यापासून निदान ६० मीटर दूर जाऊन हात साबणाने चोळून धुवावेत. उलट्या थांबल्यानंतरही दोन आठवडे किंवा अधिक काळ विष्ठेवाटे विषाणू बाहेर पडत राहतो. तेव्हा बरे वाटू लागताच इतरांसाठी रांधायला बसू नये, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.