उष्ण कटिबंधातल्या समुद्रकिनाऱ्यांची हौशी फोटोग्राफी

फिरायला गेल्यावर पोटापाण्यासाठी नाही तर निव्वळ हौसेपोटी कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या किनाऱ्यांचे फोटो काढायचे आणि घरी आल्यावर (किंवा हॉटेलच्या खोलीतच, धीर कुणाला असतो) ते मोबाईल नाहीतर लॅपटॉपवर एडिट करायचे, असा हा छंद. विषय दिसायला सोपा, पांढरी वाळू, निळं पाणी, एक वाकलेला माड, झालं. पण रंगांचा सगळ्यात जास्त चुथडा याच फोटोंत होतो, आणि त्यात कॅमेऱ्याचा दोष कमी, नंतर ओढलेल्या स्लायडरचा जास्त.

आधी तो फिरोजी रंग येतो कुठून ते बघू. पाणी लाल प्रकाश भराभर शोषून घेतं आणि निळा-हिरवा पुढे जाऊ देतं, उथळ लगूनच्या (प्रवाळाच्या रांगेने खुल्या समुद्रापासून अडवलेल्या शांत पाण्याच्या) तळाशी प्रवाळ आणि शिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी वाळू असते, ती उरलेला प्रकाश परत वर पाठवते, म्हणजे तो पाण्यातून दोनदा जातो. (काही बेटांवर या वाळूचा मोठा भाग पोपटमाशांनी प्रवाळ कुरतडून मागच्या बाजूने सोडलेला असतो, हनिमूनच्या फोटोखाली हे कुणी लिहीत नाही.) खोल पाण्यातून तळ दिसत नाही म्हणून ते गडद निळं. नदीच्या मुखाशी गाळ असेल तर पाणी मातकटच दिसणार, तिथे एडिटिंगने लगून बनत नाही.

यातूनच वेळेचा प्रश्न सुटतो. सगळीकडे सांगतात की सकाळ-संध्याकाळच्या गोल्डन अवरलाच फोटो काढा, दुपारी कॅमेरा बॅगेत ठेवा. माणसांच्या आणि माडांच्या फोटोंना ते ठीक आहे, पण लगूनच्या पाण्याला हा नियम उलटा लागू होतो, कारण सूर्य खाली असला की बराच प्रकाश पाण्यावरूनच परततो, तळापर्यंत पोचतच नाही. फिरोजी रंग हवा असेल तर साधारण दहा ते दोन, सूर्य डोक्यावर. चेहऱ्यावर डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, त्यासाठी माणसाला सावलीत उभं करावं. आणि सूर्यास्ताला उशिरा पोचू नये, विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, वीस-पंचवीस मिनिटांत संधिप्रकाश संपतो.

सामानात खरी कामाची वस्तू एकच, पोलरायझर फिल्टर, म्हणजे लेन्सवर बसवायची एक खास काच. पाण्यावरची चकाकी तो कापतो, पाण्याकडे साधारण ३७ अंश खाली बघत असाल तर सगळ्यात जास्त. एक ते दोन स्टॉप प्रकाश जातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), वाइड लेन्सवर आकाशात मधेच काळपट पट्टा येतो, पण याची नक्कल कुठलंही ॲप करू शकत नाही, चकाकीखालचं जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते नंतर आणणार कुठून? एक्स्पोजरचं, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा याचं म्हणाल तर पांढरी वाळू बघून कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर फसतो आणि फोटो करडा येतो, अर्धा ते एक स्टॉप वर न्यावं, ढग नुसते पांढरेफटक होत नाहीत ना तेवढं हिस्टोग्राममध्ये (उजेड-अंधाराच्या आलेखात) बघावं.

आता एडिटिंग. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) असेल तर १४ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये २५६. तरीही सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) चाळीसवर नेलं की काय होतं ते मोठं करून बघा, पाण्यातला लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा हिस्सा) शून्यावर आपटतो, तळाच्या वाळूवर उन्हाची जी जाळी हलत असते तिच्या रेषा पुसल्या जातात आणि उरतो एकसारखा ऑइल पेंटचा ठोकळा. त्यात बहुतेक स्क्रीन ज्या एसआरजीबी रंगपद्धतीवर चालतात ती १९९६ ची, आणि फिरोजीच्याच बाजूला तिची झेप तोकडी. म्हणून सॅच्युरेशनला हात न लावता ॲक्वा आणि ब्लूचा ल्युमिनन्स (त्या रंगांचा उजळपणा) थोडा खाली घ्यावा, रेषा उठून दिसतात. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून करायची रंगांची दुरुस्ती) वाळूवर क्लिक करून लावू नये, वाळू किंचित पिवळसर असते, तिला शुद्ध पांढरी केली की अख्खा फोटो निळा पडतो. धूसरपणा काढणारा डीहेझ जपून, क्षितिज मात्र सरळ करायलाच हवं, समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटलं की बाकी सगळं वाया.

एडिट केलेला फोटो म्हणजे फसवणूक असं म्हणणाऱ्यांसाठी, १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये गुस्ताव ल ग्रे हा फोटोग्राफर समुद्र आणि आकाश यांच्या वेगवेगळ्या निगेटिव्ह जोडून एक प्रिंट काढायचा, कारण तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हवर दोन्ही एकदम नीट येतच नसत. आणि फोटोशॉप लोकांना करून दाखवताना सुरुवातीला वापरलेला फोटो पॅसिफिकमधल्या बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावरचाच होता, फोटोशॉप बनवणाऱ्यांपैकी एक असलेल्या जॉन नोल याने सुट्टीत काढलेला.

कॅमेऱ्याची काळजी थोडक्यात: एसी खोलीतून थेट दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं, झिप पिशवीत ठेवून आधी कोमट होऊ द्यावा. खारे तुषार उडाले तर कोरड्या फडक्याने घासू नये, मिठाने चरे पडतात, आधी ओलसर फडकं.

फ्रेममधली गर्दी पुसणं हाही या छंदाचा मोठा भाग. थायलंडच्या माया बे या खाडीवर पर्यटक इतके वाढले की प्रवाळाचं नुकसान पाहून २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये परत उघडली तेव्हा बोटींना थेट खाडीत यायला मनाई झाली, त्यामुळे तिथल्या फोटोंत निदान बोटी पुसत बसायचं काम वाचलं.