समीकरणातला तो ‘२’ आला कुठून?

मार्च-एप्रिलमध्ये गोव्यातल्या सत्तरीत काजूच्या बागांकडे गेलात, तर दारूची भाटी दिसण्याआधी आंबलेल्या रसाचा वास येतो. बोंडे तुडवून काढलेला रस दोन-तीन दिवस ठेवला की त्यावर फेस धरतो, बुडबुडे फुटत राहतात. मग त्यातून हुर्राक (पहिल्या धारेची सौम्य दारू), मग फेणी. नववीतली पोरं रासायनिक समीकरण संतुलित करताना ‘सर, पुढे दोन लिहू की तीन?’ असं विचारतात तेव्हा मला हाच रस आठवतो, कारण आजच्या समीकरणाची जुनी मुळं आंबण्याच्याच क्रियेत आहेत.

फ्रान्समध्ये रसायनशास्त्रज्ञ लव्हाझियेने १७८९ च्या ग्रंथात द्राक्षरस आंबण्याची क्रिया चक्क बरोबरीचं चिन्ह घालून लिहिली: द्राक्षरस = कार्बनिक आम्ल + अल्कोहोल. कार्बनिक आम्ल म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड. क्रियेआधी जेवढं द्रव्य, तेवढंच क्रियेनंतर, हे त्याने तराजूने ठरवलं. नुसता रस तोलून भागत नव्हतं, निघालेला वायूही मोजावा लागे. आणि तो थोडाथोडका नसतो: १८० ग्रॅम ग्लुकोज पुरतं आंबलं तर ९२ ग्रॅम अल्कोहोल, ८८ ग्रॅम वायू. निम्मी साखर हवेत जाते!

पण वजनं जुळली म्हणजे समीकरण जुळलं असं नाही. त्याला रेणूसूत्रं लागतात. डाल्टनने अणू आणले, पण पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन असं धरलं. त्या हिशेबात संतुलनाची कटकटच नाही: एक अधिक एक, झालं पाणी. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवलं की आकारमानाने हायड्रोजनचे दोन भाग आणि ऑक्सिजनचा एक भाग मिळून वाफेचे दोनच भाग होतात. डाल्टनला ते पटलं नाही. अव्होगाड्रोने १८११ मध्ये वाट दाखवली: ऑक्सिजनचा रेणूच दोन अणूंचा, म्हणून तो पाण्याच्या दोन रेणूंत वाटला जातो. कुणी फारसं ऐकलं नाही.

मधल्या काळात बर्झेलियसने मूलद्रव्यांसाठी अक्षरांची चिन्हं रूढ केली. अणूंचे आकडे मात्र तो अक्षराच्या डोक्यावर लिहायचा, ते पायाशी नंतर आले. १८६० साली जर्मनीतल्या कार्ल्सरूह इथल्या रसायनशास्त्रज्ञांच्या परिषदेत कॅनिझारोने अव्होगाड्रोची बाजू पुन्हा मांडली, त्याची पुस्तिका तिथे वाटली गेली आणि पुढच्या काही वर्षांत पाणी ‘एचटूओ’ म्हणून पक्कं झालं. 2H₂ + O₂ → 2H₂O मधला हायड्रोजनपुढचा २, जो पोरं पेन्सिलीने खोडून पुन्हा लिहितात, तो जवळपास अर्धशतक अडून होता.