प्रोसेसरचा वेग कमी केला तर गेमचं काय होतं?

इंटेलचा कोअर आय७-८७५०एच हा प्रोसेसर २०१८ साली बाजारात आला आणि पुढे बराच काळ गेमिंग लॅपटॉप म्हटलं की अनेकदा आत तोच असायचा. जुन्या लॅपटॉपच्या बाजारात तो आजही भेटतो. त्याच्या माहितीपत्रकात वेगाचे दोन आकडे आहेत: मूळ वेग २.२ गिगाहर्ट्झ आणि टर्बो, म्हणजे गरजेला तात्पुरता चढणारा वेग, ४.१ गिगाहर्ट्झ. विकताना सांगितला जातो तो दुसरा. पण त्याच कागदावर लिहिलेला ४५ वॅट हा आकडा पहिल्या वेगाशी बांधलेला आहे. सहाही कोअर, म्हणजे आतले स्वतंत्रपणे काम करणारे भाग, टर्बोला लागले की हा प्रोसेसर ४५ वॅटच्या कितीतरी वर जातो, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णता होऊन कीबोर्डखाली साठते.

म्हणून गेम खेळणाऱ्यांत एक सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० टक्क्यांवरून ९९ वर आणा. टर्बो बंद होईल आणि लॅपटॉप गार राहील. करून पाहिलेल्यांपैकी काही जण सांगतात, गेम आता अजिबात अडखळत नाही. काही जण सांगतात, एफपीएसची, म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांच्या संख्येची, पार वाट लागली. दोघांचंही खरं असतं, आणि ते कसं हे समजून घ्यायला चिपमध्ये थोडं खोल उतरावं लागतं.

चिपमधला ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेचा अतिसूक्ष्म स्विच, चालू-बंद होतो तेव्हा दर वेळी थोडासा विद्युतभार भरला जातो आणि सोडला जातो. त्यात खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. गोम अशी की हे दोन आकडे एकमेकांना बांधलेले आहेत. वेग वाढवायचा तर ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद व्हायला हवेत आणि त्यासाठी व्होल्टेज चढवावं लागतं. म्हणजे वेगाची किंमत एकदा वेग म्हणून आणि वर पुन्हा व्होल्टेजच्या वर्गात मोजावी लागते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण जुनं आहे. जानेवारी २००० मध्ये इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम ३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं. चार्जर काढला की ६५० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर ५०० मेगाहर्ट्झवर उतरायचा आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५ वर यायचं. आकडेमोड करून बघा. ५०० भागिले ६५० म्हणजे ०.७७. व्होल्टेजचं गुणोत्तर ०.८४, त्याचा वर्ग ०.७१. दोन्हींचा गुणाकार साधारण ०.५५. वेग सोडला २३ टक्के आणि वीज वाचली ४५ टक्के! आजच्या प्रोसेसरमध्ये तर टर्बोच्या अगदी शेवटच्या टप्प्यात व्होल्टेजचा चढ फार खडा होतो. वरचे तीन-चारशे मेगाहर्ट्झ सगळ्यात महाग पडतात.

पूर्वी हे इतकं टोचत नव्हतं. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली सहकाऱ्यांसोबत मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान होत जातील तसं व्होल्टेजही उतरवता येईल, म्हणजे चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागे लागणारी वीज तेवढीच राहील. तीस वर्षं ते चाललं. २००५ च्या आसपास व्होल्टेज आणखी उतरवणं अवघड झालं, कारण अतिलहान ट्रान्झिस्टर बंद असतानाही वीज गळू देतात. तेव्हापासून उष्णता हीच वेगाची मर्यादा आहे. २००८ साली इंटेलने आणलेला टर्बो बूस्ट म्हणजे या मर्यादेशी केलेला सौदा: आत जागा आहे तोवर पळ, तापलास की मागे ये.

लॅपटॉपमध्ये ही जागा फारच थोडी असते. ८७५०एचला १०० अंश सेल्सियसची मर्यादा आहे. ती गाठली की प्रोसेसर आपणहून वेग पाडतो, जरा निवला की पुन्हा वर जातो, पुन्हा तापतो. याला थ्रॉटलिंग म्हणतात. सरासरी एफपीएसमध्ये ते नीट दिसतही नाही, हाताला मात्र लगेच कळतं. सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद. बहुतेक चित्रं १२ मिलिसेकंदांत आली आणि अधूनमधून एखादं ४० ला आलं, तर सरासरी उत्तम दिसते आणि खेळताना मात्र झटका बसतो. म्हणून जाणकार सगळ्यात संथ एक टक्का चित्रांचा वेगळा आकडा पाहतात. माझ्या मते लॅपटॉप घेताना सरासरीआधी हाच आकडा विचारायला हवा.

२०१८ च्या जुलैमध्ये याची जगभर चर्चा झाली. ॲपलच्या नव्या मॅकबुक प्रोमध्ये कोअर आय९ होता, मूळ वेग २.९ आणि टर्बो ४.८ गिगाहर्ट्झ. यूट्यूबर डेव्ह ली यांनी त्यावर व्हिडिओ एक्स्पोर्ट करून दाखवला, तर तो आदल्या वर्षीच्या मॉडेलपेक्षाही मागे पडला. मग त्यांनी लॅपटॉप फ्रीजरमध्ये ठेवला आणि तेच काम बऱ्याच कमी वेळात झालं. काही दिवसांतच ॲपलने फर्मवेअरमधल्या, म्हणजे यंत्राच्या आत कायम बसवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या, उणिवेमुळे उष्णतेचं नियंत्रण नीट होत नव्हतं असं सांगून दुरुस्ती दिली. लॅपटॉप तोच आणि पंखेही तेच. वेगाची चढउतार सांभाळण्याची रीत सुधारली आणि काम लवकर व्हायला लागलं.

आता गेमकडे येऊ. पडद्यावरच्या प्रत्येक चित्रामागे दोघं राबतात. कोण कुठे उभा आहे, गोळी लागली का, शत्रूने कुठे वळायचं हे सीपीयू, म्हणजे आतापर्यंत ज्याला प्रोसेसर म्हटलं तो, ठरवतो आणि काय काय रंगवायचं त्याची यादी जीपीयूकडे, म्हणजे चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स चिपकडे, देतो. जीपीयू ते रंगवतो. एकाने पोळ्या लाटायच्या आणि दुसऱ्याने भाजायच्या, तसंच हे. तवा एकच असेल तर लाटणाऱ्याने कितीही हात चालवला तरी पोळ्या तव्याच्या गतीनेच डब्यात पडणार.

समजा एखाद्या भरगच्च ग्राफिक्सच्या गेममध्ये एका चित्राला सीपीयूचे ८ आणि जीपीयूचे १४ मिलिसेकंद लागतात. दोघं एकाच वेळी पुढच्या-मागच्या चित्रांवर काम करत असल्यामुळे दर १४ मिलिसेकंदांना एक चित्र बाहेर पडतं, म्हणजे ७१ एफपीएस. सीपीयूचा वेग चौथाईने कमी करा. त्याचे ८ चे फार तर १०.७ होतील. १४ अजून वरच आहेत, एफपीएस ७१ च राहतात.

‘फार तर’ म्हणतोय, कारण प्रत्यक्षात तेवढाही फरक पडत नाही. प्रोसेसरचा बराच वेळ रॅमकडून माहिती यायची वाट पाहण्यात जातो आणि रॅम काही प्रोसेसरच्या वेगाने चालत नाही. माहिती यायला ८० नॅनोसेकंद लागत असतील, तर ४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोक्यांवर चालणारा, प्रोसेसर तेवढ्यात ३२० ठोके रिकामे घालवतो आणि ३ गिगाहर्ट्झचा २४०. वाट दोघांनाही सारखीच पाहावी लागते.

यापुढची गोष्ट खास लॅपटॉपची. बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये सीपीयू आणि जीपीयूची उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्या सामाईक असतात. सीपीयूने उगाच ओतलेले २० वॅट जीपीयूच्याही माथी बसतात. सीपीयू आवरला की जीपीयूला श्वास घ्यायला जागा होते आणि त्याचा वेग वर टिकतो. प्रोसेसर हळू केल्यावर एफपीएस वाढले असं कुणी सांगितलं, तर कारण हे असतं. कंपन्यांनाही ते ठाऊक आहे. २०२० मध्ये एन्व्हिडियाने ‘डायनॅमिक बूस्ट’ आणलं, त्यात तेव्हा सीपीयूच्या वाट्याचे १५ वॅटपर्यंत गरजेनुसार जीपीयूकडे वळायचे. एएमडीचं ‘स्मार्टशिफ्ट’ही त्याच वर्षीचं. निन्टेन्डो स्विच या हातात धरून खेळायच्या कन्सोलमध्ये तर गेम खेळताना सीपीयू १०२० मेगाहर्ट्झवरच ठेवलेला असतो. २०१९ पासून काही गेममध्ये फक्त लोडिंग चालू असताना तो १७८५ वर जातो, कारण त्या वेळात जीपीयूला फारसं काम नसतं.

ज्यांच्या एफपीएसची वाट लागली त्यांचं काय? काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारख्या गेममध्ये चित्र हलकं असतं. सीपीयूचे ५ आणि जीपीयूचे ४ मिलिसेकंद धरा, म्हणजे २०० एफपीएस. इथे चौथाई वेग काढला तर ५ चे ६.७ होऊन एफपीएस १५० वर येऊ शकतात. हजारो सैनिक एकदम हलणारे स्ट्रॅटेजी गेम, शहरं वसवायचे गेम, जुन्या कन्सोलची नक्कल करणारे एम्युलेटर, या सगळ्यांचा भार सीपीयूवरच असतो.

शिवाय ९९ टक्क्यांचा तो उपाय फार बोथट आहे. टर्बो पूर्ण बंद केला की ८७५०एच ४.१ वरून थेट २.२ गिगाहर्ट्झवर येतो, जवळजवळ निम्म्यावर. इतकं कापायची बहुतेकांना गरजच नसते. ३.२ किंवा ३.४ च्या आसपास अडवलं तरी महागडा टप्पा टळतो आणि वेग पुरेसा उरतो. विंडोज १० पासून ‘मॅक्झिमम प्रोसेसर फ्रिक्वेन्सी’ अशी एक सेटिंग आहे, एरवी लपवलेली असते, पण पॉवरसीएफजी या आज्ञेने ती उघडता येते आणि तिथे मेगाहर्ट्झमध्ये हवा तो आकडा टाकता येतो. इंटेलच्या प्रोसेसरवर थ्रॉटलस्टॉप या प्रोग्रॅमनेही हे जमतं.

वेग तोच ठेवून नुसतं व्होल्टेज उतरवणं, म्हणजे अंडरव्होल्टिंग, हे याहून सरस होतं. पण डिसेंबर २०१९ मध्ये ‘प्लंडरव्होल्ट’ नावाचा हल्ला उघड झाला. व्होल्टेज मुद्दाम पाडून प्रोसेसरला चुकीची गणितं करायला लावता येतात आणि त्यातून सुरक्षित ठेवलेली माहिती काढता येते, हे संशोधकांनी दाखवून दिलं. त्यानंतर अनेक लॅपटॉपवर बायोसच्या, म्हणजे लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरच्या, अपडेटने ही सोय कुलूपबंद झाली. सुरक्षेसाठी ते योग्यच होतं, तरी मला त्याची हळहळ वाटते. वेगाला धक्का न लावता उष्णता कमी करणारा हाच एक उपाय फुकट होता.

आपल्याकडे या सगळ्याला उन्हाळ्याची जोड आहे. चाचण्या बहुधा गार खोलीत होतात. ॲपल मॅकबुकसाठी भोवतालची हवा ३५ अंशांपर्यंत चालेल असं लिहिते. मे महिन्यात अकोल्यात किंवा चंद्रपूरला पारा ४५ च्या घरात असतो. पंखा आणि नळ्या किती उष्णता बाहेर टाकणार हे चिप आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. चिपची मर्यादा १०० आणि खोली २५ अंशांवर, तर फरक ७५ चा. बिनएसीच्या खोलीत हवा ४२ अंश असेल तर फरक ५८ चा. गार खोलीत ९० वॅट उष्णता पेलणारा लॅपटॉप इथे साधारण ७० वॅटच पेलतो. ते २० वॅट कुठून तरी कमी व्हायलाच हवेत. विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात उन्हाळ्यापुरता वेगाला लगाम घालणं म्हणूनच शहाणपणाचं आहे.

आपला गेम कुठल्या जातीचा, हे पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणाऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमवर कळतं. एमएसआय आफ्टरबर्नर त्यासाठी बरा आहे. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर राबत असेल तर सीपीयूचा वेग बिनधास्त उतरवा. जीपीयू ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि एफपीएसवर तुम्ही स्वतः मर्यादा घातलेली नसेल, तर बहुधा सीपीयूच कमी पडतोय, तिथे जपून. पडदा ६० हर्ट्झचा असेल तर एफपीएस ६० वर बांधून टाका; दोघांचंही जादा काम एकदम थांबतं. आणि तपासताना गेम सुरू केल्या केल्या दिसणारे आकडे धरू नका. टर्बोची जादा वीज पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात आटोक्यात येते, पण तांबं आणि लॅपटॉपची काया पुरती तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात. त्यानंतर गेममधली तीच जागा, तीच गर्दी, एकदा मर्यादा घालून आणि एकदा काढून खेळून बघा.