नुरा ते नोटीस: कॉलेजच्या टीमभोवती चाललेल्या चर्चेची पार्श्वभूमी

गेले दोन आठवडे कॉलेजच्या गेटसमोर चहाच्या गाड्यावर दुसरा विषयच नाही. आपल्या फुटबॉल टीमच्या दोन पोरांना, गोलकीपर नि सेंटर बॅक, पोलिसांनी बेटिंगच्या तपासात बोलवून घेतलं, मोबाईल ठेवून घेतले म्हणे, आणि तेव्हापासनं सेमीफायनलला गोलकीपरनं सोडलेली ती पेनल्टी जो तो स्लो करून बघतोय. टीमचं, कॉलेजचं, पोरांचं नाव मी लिहिणार नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. माझं तिथंच जवळ झेरॉक्सचं दुकान आहे आणि ह्या प्रकरणातला एक कागद माझ्या मशीनवरनं गेलाय. त्या कागदाकडं शेवटी येतो, आधी जरा मागचं सांगतो, कारण हे असलं सगळं काय आज सुरू झालेलं नाही.

कोल्हापुरात संशय घ्यायला कुणी शिकवावं लागत नाही. खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, 1912 सालचं, आखाडा खाली आणि बसायची जागा चढत गेलेली, म्हणजे शेवटच्या माणसाला पण पैलवानाची पाठ दिसली पाहिजे. आता पाठ सगळ्यांनाच दिसते म्हटल्यावर मत पण सगळ्यांनाच असणार. कुस्ती लांबली, दोघं नुसतेच खडाखडी करत राहिले आणि पंचांनी बरोबरीत सोडवली की मागनं कुणीतरी ओरडतोच, "नुरा हाय रं ही!" नुरा म्हणजे आधी ठरवून केलेली कुस्ती. आमच्या आजोबांच्या तोंडात हा शब्द होता, आता राजकारणाच्या बातम्यांत पण असतो. पुरावा कुणी मागत नाही, नुरा म्हटलं की विषय संपला.

तीच नजर पुढं फुटबॉलला आली. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, ह्या टीम कुणा कंपनीच्या नाहीत, तालमीच्या नि पेठेच्या आहेत, आणि शाहू स्टेडियमवर हरलेली मॅच पोरं घरी जेवताना पण हरत असतात. ह्यातलीच बरीच पोरं कॉलेजकडनं पण खेळतात. विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या की कालपर्यंत एकमेकाच्या अंगावर जाणारी दोन पेठांची पोरं एकाच जर्सीत, आणि बघणारे मात्र आपापल्या पेठेतच राहतात. म्हणून आत्ता पण बघा, गोलकीपर दोषी म्हणणारे कुठल्या बाजूचे आणि सेंटर बॅकला अडकवलाय म्हणणारे कुठले, हे चहाचा कप हातात घ्यायच्या आधी कळतं. पेठेची ईर्षा आणि पोलीस तपास ह्यांचा काही संबंध नसतो हे सगळ्यांना कळतं, पण वळत कुणाला नाही.

पैशाचं अंग पण जुनं आहे. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 चा, राणीच्या काळातला, आणि अजून पेपरात मटक्याच्या कारवाईची बातमी आली की त्याचंच कलम 12 अ असतं. मटका मुंबईत साठच्या दशकात वाढला आणि तिथनं गावोगाव टपरीपर्यंत पोचला. शिक्षा किरकोळ, त्यामुळं सकाळी पकडलेला संध्याकाळी परत चिठ्ठ्या फाडायला. आता चिठ्ठी गेली आणि 'आयडी' आली, म्हणजे बेटिंगच्या साईटवरचं खातं, मोबाईलवर आयडी घ्यायची नि पैसे लावायचे. 1 जुलै 2024 पासनं नवीन भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम 112 मध्ये टोळीनं बेकायदा बेटिंग चालवणं हे किरकोळ संघटित गुन्ह्यात धरलंय, एक ते सात वर्षं. नाव किरकोळ, शिक्षा नाही. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन गेमवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा पण झाला. पण खेळाडूनं पैसे घेऊन मुद्दाम हरणं, ह्याला म्हणून वेगळा असा कायदा देशात नाही, आणि सगळा घोळ तिथनंच सुरू होतो.

7 एप्रिल 2000 ला दिल्ली पोलिसांनी सांगितलं की दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कॅप्टन हॅन्सी क्रोनिएचं बुकीबरोबरचं, म्हणजे पैजा घेणाऱ्याबरोबरचं, बोलणं टेपवर आहे. मी तेव्हा अकरावीत होतो, आमच्या वर्गात कुणी विश्वासच ठेवला नाही, पोलिसांनी आवाज काढलाय म्हणणारे पण होते. चार दिवसांत क्रोनिएनं पैसे घेतल्याचं कबूल केलं. त्या केसचं चार्जशीट कधी आलं माहीत आहे? जुलै 2013. तेरा वर्षं! क्रोनिए 2002 मध्येच विमान अपघातात गेला होता. बुकी संजीव चावला इंग्लंडमधनं भारतात आणला गेला फेब्रुवारी 2020 ला, म्हणजे 2000 साली ज्यांनी पैजा मारल्या त्यांची पोरं तोवर कॉलेजात. तिकडं आपला माजी कॅप्टन अझरुद्दीनवर क्रिकेट बोर्डानं डिसेंबर 2000 ला आजन्म बंदी घातली आणि 2012 मध्ये आंध्र प्रदेश हायकोर्टानं ती बेकायदा ठरवली. आमच्या गल्लीत मात्र दोन्हीचा निकाल 2000 च्या मे महिन्यातच लागला होता.

मग 2013. 16 मे च्या पहाटे आयपीएलमध्ये राजस्थानकडनं खेळणारे श्रीशांत, अजित चंडिला आणि आपला मुंबईचा अंकित चव्हाण, तिघांना स्पॉट फिक्सिंगसाठी दिल्ली पोलिसांनी पकडलं. पोलिसांचं म्हणणं होतं की ठरलेल्या ओव्हरच्या आधी इशारा द्यायचा, श्रीशांतचा इशारा म्हणजे कमरेला खोचलेला टॉवेल. झालं, त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या टेनिस बॉलच्या मॅचला पण कुणी रुमाल खोचला की पोरं बोंब मारायची. मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कडक कायदा, लावला, देशभर गाजलं, आणि 25 जुलै 2015 ला दिल्लीच्या पटियाला हाऊस कोर्टानं 36 च्या 36 आरोपींना खटला चालवायच्या आधीच मुक्त केलं. बोर्डाची बंदी मात्र राहिली, कारण बोर्डाचा नियम वेगळा नि फौजदारी कायदा वेगळा. श्रीशांतची आजन्म बंदी सुप्रीम कोर्टानं 2019 मध्ये बाजूला ठेवली, नंतर ती सात वर्षांची झाली. त्याच प्रकरणाच्या चौकशीला नेमलेल्या मुदगल समितीनं फेब्रुवारी 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाला एक बंद लिफाफा दिला होता, आत नावं. त्या लिफाफ्यानं जेवढी करमणूक केली तेवढी त्या वर्षीच्या आयपीएलनं केली नसेल. अख्ख्या देशानं आपापल्या नावडत्या खेळाडूला त्यात घालून बघितलं.

कॉलेजच्या टीमचं म्हणाल तर ह्यात अमेरिका आपल्या लय पुढं. तिथं कॉलेजची टीम म्हणजे आपल्या पेठेसारखीच, फक्त स्टेडियम लाखभर लोकांचं. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनं 1950 मध्ये बास्केटबॉलच्या दोन्ही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षी मारल्या, आणि फेब्रुवारी 1951 मध्ये फिलाडेल्फियाहून मॅच जिंकून ट्रेननं परत येताना त्याच टीमची पोरं पोलिसांनी धरली. आरोप नुसता मुद्दाम हरल्याचा नव्हता बरं का, जिंकलं तरी चालेल पण ठरल्यापेक्षा कमी फरकानं जिंकायचं, कारण बुकीचा सगळा हिशोब फरकावर असतो. ही युक्ती लोकांना कळली आणि तेव्हापासनं सोपा बास्केट चुकला की शंका. 1985 मध्ये टुलेन विद्यापीठात तसंच झालं, विद्यापीठानं बास्केटबॉलच बंद केलं, चार वर्षं टीमच नाही. त्यातला मोठा खेळाडू, जॉन विल्यम्स, हॉट रॉड म्हणायचे त्याला, तो 1986 मध्ये कोर्टातनं निर्दोष सुटला आणि पुढं एनबीएत, तिथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, वर्षानुवर्षं खेळला. टीमची चार वर्षं मात्र गेली ती गेलीच.

पण सगळ्यात भारी किस्सा 26 सप्टेंबर 2017 चा. एफबीआयनं त्या दिवशी दहा जणांना पकडलं, त्यात चार असिस्टंट कोच. भानगड खेळाडूंच्या घरच्यांना पैसे पोचवून ठराविक कॉलेजला वळवायची. कोर्टात दिलेल्या कागदात काही ठिकाणी कॉलेजचं नाव नव्हतं, नुसतं 'युनिव्हर्सिटी-6', आणि पुढं वर्णन, केंटकी राज्यातलं सरकारी संशोधन विद्यापीठ, विद्यार्थी अंदाजे 22,640. आता विद्यार्थ्यांचा आकडा दिल्यावर नाव झाकून काय उपयोग! चाहत्यांनी बसल्याजागी ओळखलं, लुईव्हिल. दुसऱ्याच दिवशी तिथला नावाजलेला कोच रिक पिटिनो सक्तीच्या रजेवर, महिन्याच्या आत नोकरी गेली. त्याच्यावर फौजदारी आरोप कधीच आला नाही आणि 2022 मध्ये चौकशी समितीनं त्याला ठपक्यातनं मोकळं केलं. म्हणजे चाहत्यांनी विद्यापीठ बरोबर ओळखलं. माणसाचा निकाल कागदात नव्हता, तो त्यांनी आपल्या मनानं लावला.

आपल्याकडं कागदाची सोय अशी आहे की एफआयआर नोंदवल्यावर चोवीस तासांत वेबसाईटवर टाकायचा असा सुप्रीम कोर्टाचा 2016 चा आदेश आहे, नाजूक गुन्हे सोडून. चार्जशीट मात्र असं सगळ्यांसाठी टाकायचं नाही, हे त्याच कोर्टानं जानेवारी 2023 मध्ये सांगितलं. म्हणजे लोकांना पहिलं पान मिळतं आणि मधलं पुस्तक मिळतच नाही, तिथं मग प्रत्येकजण आपलं लिहितो. त्यात नोटीस म्हणजे नोटीस, कुठलं कलम हे कोण बघतंय. न्याय संहितेबरोबरच आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 35(3) ची नोटीस येते ती ज्याच्यावर संशय आहे त्याला, अटक न करता हजर राहा म्हणून, आणि कलम 179 ची येते साक्षीदाराला, तुम्हाला काय माहीत आहे ते येऊन सांगा म्हणून. दोन्हीवर पोलीस ठाण्याचा शिक्का सारखाच दिसतो.

मोबाईलवर जो नोटिशीचा फोटो फिरतोय तो मधनं घडी घातलेल्या कागदाचा आहे, वरचा शिक्का दिसतो, खालची सही दिसते, कलमाची ओळ घडीत गेलीय. अख्खा कागद मी बघितलाय. गेल्या मंगळवारी दुकान बंद करायच्या वेळेला गोलकीपरचे वडील आले, एसटीत ड्रायव्हर आहेत, अंगात खाकी तशीच. नोटिशीची एक प्रत आणि पोराच्या पासबुकाच्या सगळ्या पानांच्या दोन-दोन. मी कागद काचेवर ठेवला तर वर सरळ 179. आणि पासबुक कशाला, तर वर्गातल्याच कुणीतरी अकाउंट भाड्यानं मागितलं होतं, महिन्याला दोन हजार देतो म्हणून, असं सध्या बऱ्याच पोरांना विचारतात आणि त्यातनं बेटिंगचे पैसे फिरतात. ह्यानं दिलं नव्हतं. ज्यानं मागितलं त्याच्याबद्दल पोलीस विचारत होते. पेनल्टीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही असं वडील म्हणाले. सगळी पानं झाली, मी पैसे घेत नव्हतो, त्यांनी काउंटरवर ठेवलेच. "पोरगं प्रॅक्टिसला जाईना झालंय ओ," एवढंच बोलले. त्यांना विचारूनच हे लिहिलंय.

दुसऱ्या दिवशी गाड्यावर मी सांगून बघितलं, नाव न घेता, की बाबांनो ती साक्षीदाराची नोटीस आहे. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकानं मोबाईल पुढं केला, "ते असू दे मामा, हे बघा, उडी मारायच्या आधी ह्यो डावीकडं कुणाकडं बघतोय?"

मी बघितलं. डावीकडं त्यांचाच कोच उभा होता, पाण्याची बाटली घेऊन.

"ते आम्हाला पण दिसतंय हो," तो म्हणाला, "पण बाटली कुठल्या हातात हाय बघा की."