सर्व्हरच्या दारांवर टकटक

ठाण्याच्या गोखले रोडवरील एखादा साडीविक्रेता स्वतःच्या संकेतस्थळावर कार्डाचे तपशील घेऊ लागला आणि त्याचा सर्व्हर ऐरोली-महापे पट्ट्यातील डेटा सेंटरमध्ये असला, तर दुकानाचे शटर रात्री खाली आले तरी सर्व्हरची दारे साऱ्या जगासमोर असतात. ही दारे म्हणजे पोर्ट. एका आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेटवरील यंत्राच्या पत्त्यावर, टीसीपी या जोडणीच्या पद्धतीचे ६५,५३६ पोर्ट असतात. त्यांपैकी सुरक्षित संकेतस्थळाचा ४४३ क्रमांकाचा पोर्ट ग्राहकांसाठी उघडा हवाच, परंतु घरबसल्या देखभाल करता यावी म्हणून कोणीतरी दुरून संगणक हाताळण्याचा ३३८९ हा पोर्ट उघडतो आणि विसरून जातो.

कार्ड कंपन्यांच्या पीसीआय डीएसएस या २००४ पासूनच्या सुरक्षा मानकानुसार, बाहेरून पोहोचता येणाऱ्या अशा यंत्रणेचे दर तीन महिन्यांनी किमान एकदा मान्यताप्राप्त संस्थेकडून स्कॅन करून घ्यावे लागते. स्कॅनर प्रत्येक पोर्टकडे जोडणीची विनंती पाठवतो: होकार आला तर पोर्ट उघडा, नकार आला तर बंद, आणि काहीच उत्तर आले नाही तर बहुधा मध्ये नको असलेल्या जोडण्या अडवणारी फायरवॉल आहे, असे तो धरून चालतो. उघड्या पोर्टमागचे सॉफ्टवेअर कोणते आणि कोणत्या आवृत्तीचे, हे तो उत्तरांवरून ताडतो व ज्ञात दोषांच्या यादीशी पडताळतो. दोषाची तीव्रता ० ते १० या मापावर ४ किंवा अधिक भरली, की सहसा स्कॅन नापास ठरते.

या ताडण्यातच खरी मेख आहे. संदेश सांकेतिक करणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधील ‘हार्टब्लीड’ हा २०१४ चा दोष मूळ निर्मात्यांनी १.०.१जी आवृत्तीत दुरुस्त केला. लिनक्स प्रणाली पुरवणाऱ्या रेड हॅट कंपनीने मात्र जुन्या १.०.१ई मध्येच दुरुस्ती बसवली आणि आवृत्तीचे नाव तेच ठेवले. केवळ नाव वाचणाऱ्या स्कॅनरला असा निर्धोक सर्व्हरही सदोष वाटतो. उलट जो स्कॅनर सर्व्हरला मुद्दाम चुकीच्या लांबीचा संदेश पाठवून, तो स्मृतीतील जास्तीचा मजकूर परत देतो का हे पाहतो, त्याचा निष्कर्ष अधिक भरवशाचा असतो. म्हणून नापास अहवाल हाती आल्यावर सर्व्हर सांभाळणाऱ्याने पॅच, म्हणजे दुरुस्ती, बसवल्याचा पुरावा देऊन आक्षेप नोंदवावा; तशी सोय या प्रक्रियेतच आहे आणि माझ्या मते ती पुरेशी वापरली जात नाही.

आतल्या जाळ्याचे स्कॅन वेगळे करावे लागते आणि ३१ मार्च २०२५ पासून ते शक्य तेथे लॉगिन करून करणे बंधनकारक आहे, कारण आत शिरून पाहिले की बसवलेल्या पॅचची यादीच समोर येते. दोन्ही स्कॅन दिलेल्या पत्त्यांपुरतीच असतात. दिवाळीच्या सवलतीसाठी उभारलेला आणि नंतर तसाच चालू राहिलेला चाचणी सर्व्हर जर पत्त्यांच्या यादीत लिहिलाच नाही, तर त्याच्या दारावर हा स्कॅनर टकटक करणार नाही.