निलंबित नायक : मराठी थरार कादंबरीच्या मुख्य पात्राची पार्श्वभूमी

गेल्या काही वर्षांतल्या मराठी थरार कादंबऱ्यांत आणि ऑडिओ मालिकांत एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. वय चाळिशीचं, हुद्दा पीआय (पोलीस निरीक्षक) किंवा एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक), घरी अबोला, आणि पहिल्याच प्रकरणात हातात निलंबनाचा आदेश. मग शहरात असा एक खून होतो की तो उलगडण्याची अक्कल फक्त याच्याकडेच असते. नव्यानं लिहिणाऱ्यांना नायक म्हणून हाच माणूस आधी सुचतो, म्हणून तो कुठून आला ते पाहायला हवं.

इंग्रजी गुप्तहेरकथांची रूपांतरं, मासिकांतल्या क्रमशः गोष्टी हा सगळा जुना भाग वाचकांच्या परिचयाचा आहे. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांच्या काळात नायक तीन-चार साच्यांतच फिरले. बुरखा घालून दुष्टांना लुटणारा साहसवीर, मदतनीस बाळगणारा खासगी गुप्तहेर, पुढे १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या आगेमागे लष्करी हेरखात्यातला कॅप्टन किंवा मेजर, आणि अधूनमधून एखादा वकील. त्यांना भूतकाळ नसे, आणि तो नसणं सोयीचंच होतं. वाचनालयात हाताला लागेल ते पुस्तक घरी नेणाऱ्या वाचकाला आधीचं काही ठाऊक नसलं तरी अडायला नको. त्यामुळे ‘पात्र घडवणं’ म्हणजे एक लकब, एक गाडी आणि एक मदतनीस देणं. त्या पुस्तकांना आज नाकं मुरडली जातात, पण महिन्याला दोन-तीन कादंबऱ्या पाडणाऱ्या लेखकाकडून मनोविश्लेषणाची अपेक्षा धरणं अन्यायाचं आहे.

त्यातला खासगी गुप्तहेर लवकर निष्प्रभ झाला. त्याला इथे कायद्यानं काहीच करता येत नाही. झडती नाही, चौकशीला बोलावणं नाही, शवविच्छेदनाचा अहवाल मागणं नाही. पोलीस मित्र मेहेरबान असेल तर गोष्ट पुढे सरकणार. २००५ च्या कायद्यानं सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सीला परवाना सक्तीचा केला. खासगी गुप्तहेरांसाठीचं विधेयक २००७ मध्ये संसदेत आलं, पण त्याचा कायदा झाला नाही. म्हणजे सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनमागे कायदा उभा आहे, गुप्तहेरामागे नाही. लग्नाआधीची चौकशी आणि विम्याचे दावे यांवर पोट भरणारा हा माणूस थरारकथेचा भार पेलेना.

मधल्या काळात मुंबई बदलली. ११ जानेवारी १९८२ ला वडाळ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी एक कुप्रसिद्ध गुंड मारला गेला. शहरातली पहिली ‘चकमक’ म्हणून तिचा उल्लेख होतो. त्यानंतर आठवड्याभरात, १८ तारखेला, गिरणी संप सुरू झाला. पुढच्या वीस वर्षांतल्या गुन्हेकथांचा मालमसाला या दोन घटनांतून आला असं म्हटलं तर फार चुकणार नाही. १९९१ ची लोखंडवाला चकमक, १९९३ चे बॉम्बस्फोट आणि खंडणीचे फोन यांनी वर्तमानपत्रांची पहिली पानं भरली, तसा नायकाच्या हातातला भिंग गेला आणि पिस्तूल आलं. किती जणांना ‘उडवलं’ हा आकडा अधिकाऱ्याच्या नावापुढे पदवीसारखा लागू लागला, आणि कादंबऱ्यांनी तो बिनदिक्कत उचलला.

१९९९ च्या मोक्कानं, म्हणजे महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यानं, आणखी एक गुंता केला. एरवी पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा ठरत नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यापासूनचा हा नियम आहे. मोक्कात मात्र अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब चालतो, मुंबईत म्हणजे उपायुक्तासमोरचा. तरीही आपल्या कादंबऱ्यांतले पीआय साहेब शेवटच्या प्रकरणात टेबलावर मूठ आपटून कबुली घेतात आणि आरोपी फासावर जातो. खरा तपास अधिकारी मेमोरंडम पंचनामा करून, म्हणजे आरोपीचं निवेदन पंचांसमोर नोंदवून, आरोपीनं दाखवलेल्या जागेतून पंचांसमक्ष हत्यार काढतो. तो प्रसंग मूठ आपटण्याहून कितीतरी जास्त ताणलेला असतो, पण तो लिहायचा तर पंचनामा वाचावा लागतो.

मग पिस्तूलवाल्या नायकाचाही काळ आटोपला. २००६ च्या एका चकमकीत २०१३ साली पोलिसांनाच जन्मठेप झाली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चकमकीतल्या मृत्यूंसाठी नियम घालून दिले : गुन्हा नोंदवायचा, तपास दुसऱ्याच यंत्रणेनं करायचा, दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी व्हायची, हत्यारं तपासणीसाठी जमा करायची, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. एवढं झाल्यावर गोळी झाडून शीळ घालत निघून जाणारा अधिकारी वाचकाच्या गळी उतरेना.

इथे निलंबित नायक आला. लेखकाच्या दृष्टीनं सौदा फायद्याचा. अधिकाऱ्याचं ज्ञान, त्याचे खबरी, खात्यातले मित्र हे सगळं हाताशी राहतं; वर्दीचा डाग जातो; उलट वर अन्याय झाल्याची सहानुभूती मिळते. समर्थक म्हणतात की एकट्या माणसाची झुंज दाखवायला याहून चांगली जागा नाही.

अडचण अशी, की निलंबन म्हणजे सुट्टी नव्हे. निलंबित पोलीस हा पोलीसच राहतो. त्याचे अधिकार गोठतात, शिस्त मात्र जशीच्या तशी लागू असते. सरकारी हत्यार जमा होतं. परवानगीशिवाय मुख्यालय, म्हणजे नेमून दिलेलं ठिकाण, सोडता येत नाही, त्यामुळे पुरावा शोधायला रातोरात कोल्हापूर गाठणारा नायक स्वतःच्या विभागीय चौकशीत आणखी एका आरोपाची भर घालत असतो. हातात निर्वाह भत्ता येतो, सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका, आणि तोही दुसरीकडे कुठे नोकरीधंदा करत नसल्याचं लिहून दिल्यावर. म्हणजे कोणाकडून पैसे घेऊन तपास करण्याची वाटही बंद. अटकेचा अधिकार विचाराल तर डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा घडला तर कोणीही नागरिक गुन्हेगाराला धरून पोलिसांच्या ताब्यात देऊ शकतो, तितकाच. खासगी गुप्तहेराकडे निदान मोकळीक होती. याच्याकडे अधिकारही नाही आणि मोकळीकही नाही.

माझ्या मते खरी गोष्ट याच कोंडीत आहे, आणि बहुतेक कादंबऱ्या तिला वळसा घालून जातात. कर्जाचे हफ्ते थकलेत, ज्युनिअर फोन उचलत नाही, कालचा खबरी आज ओळख दाखवत नाही. पात्र घडवायचं तर यातून. लेखकाला घड्याळ हवं असेल तर तेही तयार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ च्या एका निकालानुसार तीन महिन्यांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन पुढे लांबवू नये. नव्वद दिवसांची मुदत, आणि वरिष्ठांना ते दोषारोपपत्र वेळेत द्यायचंय की मुद्दाम द्यायचं नाहीये हा प्रश्न. यावर उभी राहिलेली मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

दुसरे पर्याय आले, पण बाजूलाच राहिले. २००५ नंतर माहिती अधिकारात अर्ज करणारा कार्यकर्ता नायक झाला. तीस दिवसांत उत्तर मिळण्याची तरतूद त्याच्या कामाची आहे. महिला अधिकारी आधी फक्त स्त्री आरोपीला अटक करण्यापुरत्या पानावर यायच्या. सूर्यास्तानंतर स्त्रीला अटक करायची नाही, अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची परवानगी हवी, या नियमानं त्यांना प्रवेश दिला आणि मग त्या टिकल्या. २०१७ च्या अखेरीस एक परदेशी ऑडिओ कंपनी भारतात आली आणि मराठीत कानांसाठी लिहिलं जाऊ लागलं, तेव्हा नायकाला पुन्हा वाचनालयाच्या दिवसांसारखी लकब लागली. ऐकणारा मागचं पान उलटत नाही.

१ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि पात्राची मांडणी पुन्हा हलली. ‘तीनशे दोन’ या खुनाच्या जुन्या कलमाच्या आकड्यातच जो दरारा होता तो ‘एकशे तीन’मध्ये अजून उतरलेला नाही. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण बंधनकारक झालं, मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं असतं. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. त्याची अंमलबजावणी राज्यांनी पाच वर्षांच्या आत अधिसूचना काढून करायची आहे. पंचनाम्याआधी गुपचूप खोलीत शिरून टेबलाखालचं बटण खिशात टाकणारा नायक त्यामुळे अडचणीत आलाय. त्यानं उचललेली वस्तू चित्रीकरणात दिसणार नाही, आणि बचाव पक्षाचा वकील पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारेल.