आऱ्यांचे फ्लायव्हील : मॉडेल वाफेच्या इंजिनासाठी आम्ही ते कसे करतो

आमच्याकडे फ्लायव्हीलचे (इंजिनाच्या जड चाकाचे) ओतीव, म्हणजे साच्यात ओतून काढलेला कच्चा तुकडा, घेऊन येणारे बरेच जण विचारतात : मध्ये भोक पाडायचे आणि बाहेरून लेथवर टर्निंग मारायचे, एवढ्याला इतका वेळ का लागतो? वेळ कुठे जातो ते या पत्रकात सांगितले आहे.

वजन रिममध्ये (बाहेरच्या कड्यात) का हवे

एका सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक फेऱ्यात दोन डेड सेंटर (पिस्टन आणि क्रँक एका रेषेत येण्याच्या जागा) येतात. त्या ठिकाणी पिस्टनवर वाफेचा कितीही दाब असला तरी क्रँक फिरत नाही. फ्लायव्हीलने साठवलेली गतीच इंजिनाला पुढे काढते. ही साठवण वजनावर अवलंबून असते, आणि वजन मध्यापासून किती लांब आहे त्याच्या वर्गावर. तेच वजन निम्म्या अंतरावर आणले तर साठवण चौथाईवर येते. १५० मिमी व्यासाच्या, २० मिमी रुंद आणि १५ मिमी जाड बिडाच्या रिमचे वजन सुमारे ९०० ग्रॅम भरते आणि मिनिटाला ३०० फेऱ्यांना ती साधारण २ ज्यूल ऊर्जा धरते. म्हणून रिममधला माल आम्ही गरजेपेक्षा जास्त काढत नाही.

सगळे काम सेटिंगमध्ये आहे

आऱ्यांच्या चाकात मशीन न होणारा भागच जास्त दिसतो : आरे, आणि रिमची आतली बाजू. बोअर (मधले भोक) आणि बाहेरचा व्यास एकमेकांशी अगदी खरे (एकाच मध्यावर) असले, पण ओतीवाची आतली बाजू त्यांच्याशी जुळलेली नसली, तर रिम एकीकडे जाड आणि दुसरीकडे पातळ दिसते. इंजिन सावकाश फिरताना ते लगेच डोळ्यात भरते. त्यामुळे ओतीव फोर जॉ चकमध्ये (लेथच्या चार जबड्यांच्या पकडीत) धरून आम्ही आधी रिमच्या आतल्या बाजूला सरफेस गेजची (बैठकीवर उभ्या केलेल्या खुणेच्या सुईची) सुई लावतो. खडबडीत पृष्ठभागावर डायल (काट्याचा गेज) नुसता उड्या मारतो, तिथे सुई आणि नजर बरी. मग तीच सुई प्रत्येक आऱ्याच्या टोकाशी नेऊन चाक डुलत नाही ना ते बघतो, आणि लागेल तिथे जॉखाली पॅकिंग घालतो. ही घाईत उरकण्याची पायरी नव्हे. इथे राहिलेली चूक पुढचे कोणतेही मशीन दुरुस्त करू शकत नाही.

या एकाच सेटिंगमध्ये हब (चाकाचा मधला भाग) आणि रिमची एक बाजू फेस, म्हणजे सपाट, होते आणि बोअर तयार होतो. नुसते ड्रिल मारून रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारे हत्यार) घातला तर रीमर ड्रिलच्याच मागे जातो, आणि ओतीवात ड्रिल भटकते. म्हणून बोअरिंग टूलने भोक सरळ करून घेतो, रीमर शेवटी. १२ मिमी शाफ्टसाठी एच७ (मापातल्या सूटीचा दर्जा) बोअर म्हणजे १२.००० ते १२.०१८ मिमी.

त्यानंतर चाक मँड्रेलवर (बोअरमध्ये घट्ट बसणाऱ्या दांड्यावर) चढवून बाहेरचा व्यास आणि दुसरी बाजू करतो, म्हणजे सगळे त्याच बोअरवरून खरे येते. एवढ्या मोठ्या व्यासाला कट घेताना बारीक मँड्रेलवर चाक घसरते, तेव्हा फेसप्लेटला (लेथच्या फिरत्या थाळीला) लावलेली पिन रिमजवळच्या आऱ्याला टेकवून चाक फिरवतो. मध्ये तांब्याचा तुकडा ठेवतो, आऱ्यावर वण उठत नाही.

पहिला कट कातडीच्या खाली जाईल इतका खोल हवा, कारण वाळूची आणि कडक झालेली कातडी टूलची धार खाऊन टाकते. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल असेल तर १५० मिमी व्यासाला मिनिटाला ४० च्या आसपासच फेरे ठेवतो. कूलंट नाही, बीड कोरडेच कापले जाते. आरे कंप पावतात आणि रिमवर चॅटरिंगच्या रेघा येतात. आऱ्यांमध्ये रबराचे तुकडे घट्ट बसवले की ते थांबते.

रफिंग झाल्यावर चाक चकमधून सोडून ठेवतो, आणि मगच फिनिशिंग. ओतताना पातळ आरे लवकर गार होतात, जाड रिम आणि हब मागाहून, त्यामुळे ओतीवात ताण राहतो. आरे वळणदार असतील तर तो थोडा झेलला जातो, सरळ आऱ्यांच्या चाकात जास्त काळजी घ्यावी लागते. कातडी निघाल्यावर आकार जो काही हलायचा तो फिनिशिंगच्या आधी हललेला बरा.

शेवटी चाक मँड्रेलसकट दोन समपातळीतल्या धारांवर ठेवून बॅलन्स तपासतो. जड बाजू खाली येते. तिथे रिमच्या मागच्या बाजूने थोडा माल काढतो.

तुम्ही काय पाठवावे

शक्यतो शाफ्टच पाठवा. ड्रॉइंगवरचे माप आणि हातातला शाफ्ट यांत फरक निघतो, आणि फिट शाफ्टवरूनच करावा. परदेशी किट बहुतेक इंचात असतात. स्टुअर्ट या ब्रिटिश मॉडेल कंपनीच्या १०-व्ही इंजिनाचे चाक ३ इंची, म्हणजे ७६.२ मिमी, ते ७५ करून चालेल का, हे आधी ठरवा. चाक शाफ्टवर पक्के करायला की-वे (की बसवायची खाच) हवा की ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा आवळणारा स्क्रू), तेही लिहा. आमचा सल्ला ग्रब स्क्रूचा, कारण छोट्या चाकात ठोकून बसवलेली की चाकाला एका बाजूला रेटते आणि खरे केलेले चाक पुन्हा डुलू लागते.

ओतीव घरी फाइलने घासून पाठवू नका. आतली बाजू एकीकडेच घासली गेली तर आमची सुई कशावर लावायची? आरे साफ करायचे असतील तर मशीनिंगनंतर करा.

चाक आम्ही तेल लावून देतो, कारण ताज्या कापलेल्या बिडाला पावसाळी हवेत फार लवकर गंज चढतो. आरे रंगवण्याआधी ते थिनरने पूर्ण पुसून घ्या. रिमचा बाहेरचा पृष्ठभाग आणि कडा रंगवू नका, चकाकत्याच ठेवा आणि अधूनमधून तेलाचा हात फिरवा.